खडूकाकांचा एक इंच

मुलीला मी सीटला बांधलं आणि सीट गाडीला बांधायची राहिली. अकरा महिने राहिली.

यात बचाव करण्यासारखं काही नाही, पण सवयीने करतो. लहान मुलांना गाडीत बसवायची ती खास खुर्ची, कार सीट, माझ्या मेव्हण्याने भेट म्हणून पाठवली होती. तिला स्वतःचे पाच पट्टे होते. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून, आणि सगळे पोटावर एका लाल बटणात येऊन बसायचे. ते लावताना मला आपण विमान उडवायला निघालोय असं वाटायचं. खटकन आवाज आला की मी बायकोकडे बघायचो, तिने शाबासकी द्यावी म्हणून. पाच पट्टे लावणारा माणूस सहावा विसरेल असं कुणाला वाटेल? सोबतच्या पुस्तिकेतलं मी एकच पान वाचलेलं, खुर्चीचं कापड कसं धुवायचं ते. उरलेल्या पानांवर गाडीचा बेल्ट त्या खुर्चीच्या पोटातून कसा ओवायचा याची चित्रं होती. चित्रं होती, म्हणजे वाचायचेही कष्ट नव्हते.

शिवाय आमच्या गाडीत मागचा बेल्ट अडकवायला बक्कलच दिसत नव्हतं. ते होतं, पण सीट कव्हरच्या खाली गाडलेलं होतं. गाडी घेतली त्याच आठवड्यात मी मानपाडा रोडवरच्या एका दुकानात चॉकलेटी रंगाची चामड्यासारखी कव्हरं घातली. दुकानदार म्हणाला, "साहेब, मागची बक्कलं आत दाबून टाकतो. बसणाऱ्याला टोचत नाय, आणि फिटिंग एकदम शोरूमसारखं. तसंही मागे कोण बेल्ट लावतो?"

मी म्हणालो, "दाबा."

हे सगळं उघडकीला आणलं ते खडूकाकांनी. त्यांचं खरं नाव सांगत नाही. ते नाव मी एकदा सोसायटीच्या नोटिशीत लिहिलेलं आहे, तेवढं पुरे झालं.

डोंबिवली पूर्वेला आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. मुलगी जर्मनीत. चाळीस वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माल तपासायचं काम केलेलं. पास झालेला माल पुढे जायचा, नापास मालावर ते खडूने फुली मारायचे. निवृत्त झाल्यावर कारखान्याने त्यांना घड्याळ दिलं आणि खडू परत घ्यायचं विसरला. हाफ शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेला खडूचा तुकडा कायम असायचा, त्यामुळे सगळ्या शर्टांच्या खिशांवर पांढरट डाग. शेजारी सहा इंची पोलादी पट्टी.

लिफ्टमध्ये सहा माणसांची पाटी होती. सातवा आत शिरला की काका स्वतः बाहेर पडायचे आणि जिना चढायचे, गुडघे धरून, एकेक पायरीवर थांबत. ती लिफ्ट गेली कित्येक वर्षं नऊ जणांना नेते आहे हे त्यांना सांगून उपयोग नसे. "नेते आहे," ते म्हणायचे, "नेईल असं कुठे म्हणते आहे?" कुणाकडे चहाला गेले की खुर्चीवर टेकायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसच्या नळीवरची तारीख वाचायचे. आमच्याकडची नळी मुदत संपलेली निघाली तेव्हा माझ्या आईने चहाचं आधण उतरवून त्यांना सरबत दिलं. ते त्यांनी समाधानाने घेतलं. आई आतून म्हणाली, "असा माणूस घरात असेल तर जीव वाचेल रे, पण जगायचं कसं?"

गाडी त्यांच्याकडे नव्हती. सायकलही नव्हती. पण दर रविवारी सकाळी नऊ वाजता ते पार्किंगमध्ये उतरायचे आणि ज्या ज्या गाडीत लहान मुलाची सीट असेल ती तपासायचे. आमच्या दोन इमारती मिळून अशा नऊ गाड्या होत्या. काका मालकाला हाक मारत, सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवत, आणि पट्टी लावून बघत. "इंचाच्या आत हलली तर सीट," ते म्हणायचे. "इंचाच्या बाहेर हलली तर फर्निचर." फर्निचर निघालं की मागच्या डाव्या टायरवर खडूची फुली. पुसायची नाही. सीट नीट बसवून दाखवली की स्वतः रुमालाने पुसत.

सोबत एक पाहुणा असायचा. पाहुणा म्हणजे दहा किलो तांदळाची पिशवी, तिला झबलं घातलेलं. मूल झोपलेलं असलं की काका पिशवी सीटमध्ये बसवून पट्टे आवळून दाखवायचे. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरायचे. "चिमटीत आला? मग सैल. तुमचं बाळ यातून निघून जाईल, पट्टा जागेवर राहील." हे सगळं शांतपणे, वर्गात गणित सोडवून दाखवावं तसं. आणि आम्ही बापलोक हाफ पँटीत, दात घासून न घासून, तांदळाच्या पिशवीसमोर माना खाली घालून उभे.

माझी पाळी आली त्या रविवारी मनू सीटमध्येच होती. मनू म्हणजे माझी मुलगी, तेव्हा दीड वर्षाची. आम्ही शहाडला सासऱ्यांकडे निघालो होतो. बायको पुढे बसलेली. काका मागच्या दारात वाकले, मनूला म्हणाले, "नमस्कार," आणि सीट धरून हलवली. सीट मनूसकट त्यांच्या हातात आली. नुसती आली नाही, दाराच्या कडेपर्यंत घसरत आली. मनूला मजा वाटली. ती टाळ्या वाजवत होती.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"कार सीट," मी म्हणालो.

"हे पार्सल आहे. मूल सीटला बांधलंत. सीट कशाला बांधलीत?"

मी गाडीकडे बघितलं. गाडी माझ्याकडे बघत होती.

"बक्कल कुठे आहे?"

"कव्हरच्या आत."

"आणि हे?" त्यांनी पुढच्या सीटच्या बक्कलात खोचलेली छोटी क्लिप ओढून काढली. बेल्ट न लावता गाडी चालवली की टुंगटुंग वाजते, ते बंद करायला ती मिळते.

"आवाज येऊ नये म्हणून."

"गाडीला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून तिचं तोंड बंद केलंत," ते म्हणाले. बायको खिडकीतून बाहेर बघत हसली. मला ते दिसलं.

मग त्यांनी खिशातून ब्लेड काढलं, कागदी म्यानातलं. मागच्या सीटवर बोटाने चाचपून बक्कलाचा उंचवटा शोधला, त्यावर खडूने चौकोन आखला आणि माझ्याकडे वर बघून विचारलं, "कापू का?"

मी हो म्हणालो. हळू म्हणालो, पण म्हणालो.

त्यांनी सरळ रेषेत, कापडाच्या दुकानात कापतात तसं कव्हर कापलं. बक्कल बाहेर आलं. गाडीचा बेल्ट सीटच्या पोटातून ओवला, सीटवर गुडघा रोवून सगळं वजन टाकलं, बेल्ट खेचला, सोडला, परत खेचला. सीट हलवून बघितली. हलली नाही, अख्खी गाडी हलली. "हं," ते म्हणाले. आणि मनूचं तोंड गाडीच्या पाठीकडे करायला हवं, अजून वर्षभर तरी, असंही म्हणाले. "या वयात मान कच्ची असते. ब्रेक लागला की डोकं पुढे जातं. पाठीकडे तोंड असलं तर सीट झेलते."

इथपर्यंत गोष्ट छान आहे. इथे संपवली असती तर माझाही फोटो बरा आला असता. पण फोटो पहिल्या मजल्यावरच्या गोडबोल्या शेजाऱ्याने आधीच काढला होता. काकांच्या हातात सीट, सीटमध्ये टाळ्या वाजवणारी मनू, आणि बाजूला तोंड उघडं टाकून उभा असलेला मी. दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलेलं, "पार्सल आलंय, कोणाचं आहे?" संध्याकाळी वॉचमन गेट उघडताना म्हणाला, "आओ पार्सलसाब." पुढचे दोन महिने इमारतीत मला दुसरं नाव नव्हतं. जिममध्ये पार्सल, वाण्याकडे पार्सल. दहीहंडीच्या वर्गणीच्या पावतीवरसुद्धा कंसात पार्सल.

ज्याने फोटो काढला त्याच्यावर रागवायला हवं होतं. पण तो अंगाने मोठा होता.

काकांच्या मागे काहीतरी मोठं दुःख आहे अशी इमारतीत सर्वांची खात्री होती. तळमजल्यावरच्या बायकांनी तर नातू गेल्याचं ठरवूनच टाकलेलं, फक्त कुठल्या हायवेवर यावर एकमत होत नव्हतं. एकदा जिन्यात ते धापा टाकत बसले होते. मी शेजारी बसलो आणि आवाज जमेल तितका मऊ करून विचारलं, "काका, तुमच्याकडे कुणी… म्हणजे असं काही झालं होतं का?"

"कसं?"

"अपघात वगैरे."

"सगळे धडधाकट आहेत. नातू फुटबॉल खेळतो. कुणी मेल्याशिवाय काळजी घ्यायची नाही असं आहे का तुमच्याकडे?"

मग त्यांनीच सांगितलं. नातू झाला तेव्हा ते जर्मनीत होते. तिथे म्हणे सीट घेऊन गेल्याशिवाय बाळाला गाडीतून घरी नेऊ देत नव्हते. जावई बाळंतिणीपाशी, म्हणून सीट बसवायचं काम यांच्याकडे आलं. चाळीस वर्षं माल तपासलेला माणूस. पुस्तिका न उघडता बसवली. दवाखान्यातली नर्स खाली आली, तिने दोन बोटांनी सीट हलवली आणि मान हलवली. परत बसवली, परत मान. चार वेळा. "पोरगी होती हो, पंचविशीची. आवाजसुद्धा चढवला नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी नापास केलं. बाळ वर थांबलेलं, मुलगी थांबलेली, आणि मी तिथे बर्फात गुडघे टेकून पुस्तिका वाचतोय." त्यांनी खिशावरचा डाग झटकला. "तेव्हा कळलं, आपल्याला येतं असं वाटणं हाच डिफेक्ट. तो डोळ्यांना दिसत नाही. हलवून बघावं लागतं."

हे मी इमारतीत कुणाला सांगितलं नाही. नातू मेलेला असता तर सांगितलं असतं.

मी तेव्हा सोसायटीच्या कमिटीत होतो. मराठी बरं लिहितो म्हणून नोटिसा माझ्याकडे. गच्चीवरच्या वार्षिक सभेत कुणीतरी टायरवरच्या फुल्यांचा विषय काढला. गाड्या परक्या माणसाने उघडणं बरोबर नाही, पाहुण्यांसमोर शोभा होते, वगैरे. काका मागच्या रांगेत सरळ बसले होते. तेवढ्यात फोटो काढणारा तोच शेजारी म्हणाला, "फुल्या सोडा, पार्सलच्या गाडीचं कव्हर फाडलंय ह्यांनी! विचारा त्याला."

सगळे हसले. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला विचारून कापलं का?"

गच्चीवर तेवीस माणसं होती. बायको खाली मनूजवळ. अख्ख्या सभेत मला कुणीतरी गंभीरपणे प्रश्न विचारला होता, दोन महिन्यांत पहिल्यांदा. पार्सलचा परत माणूस झाला होता म्हणा ना.

मी म्हणालो, "नाही."

एवढंच. पुढे स्पष्टीकरण दिलं नाही, थोडक्यात खोटं बोलायला मला जमतं. काकांनी माझ्याकडे बघितलं, माल बघत असावेत तसं. मला वाटलं आता उठून म्हणतील, हा खोटं बोलतोय. ते उठले. "चूक झाली," म्हणाले. "लेखी देतो." आणि दुसऱ्या दिवशी खरंच दिलं, तांबड्या रेघेच्या कागदावर, सुंदर अक्षरात. नवं कव्हरही आणून दाराशी ठेवून गेले. तोच चॉकलेटी रंग. कुठून शोधला असेल.

नियम मीच लिहिला. "ज्या सदस्यांच्या नावावर वाहन नाही त्यांनी वाहनतळात विनाकारण थांबू नये." असा सदस्य अख्ख्या सोसायटीत एकच होता, पण नियम कसा, सर्वांना सारखा. अध्यक्षांनी माझ्या भाषेचं कौतुक केलं. नोटिशीच्या तळाशी संबंधितांचं नाव घाला म्हणाले, तेही घातलं.

बायकोने नोटीस लिफ्टजवळ वाचली. वर येऊन चपला काढत म्हणाली, "तू हो म्हणालेलास."

"हळू म्हणालेलो."

"मला पुढच्या सीटवर ऐकू आलं, अरे."

मग ती आत गेली. तिने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

काकांनी नियम अक्षरशः पाळला. पार्किंगच्या तोंडाशी पिवळा पट्टा आहे, त्याच्या अलीकडे बूट. रविवारी नऊला तिथे येऊन उभे राहायचे, झबल्यातला पाहुणा बगलेत. गाड्या निघताना आत डोकावून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. लोक काचा वर करून जायचे. मीही.

नवं कव्हर घालायला गाडी त्याच दुकानात नेली. दुकानदाराने विचारलं, "बक्कल बाहेर ठेवू काय? फिटिंगला झोळ येतो पण."

आता कुणीही शहाणा माणूस काय म्हणाला असता ते मला माहीत आहे. पण बक्कल बाहेर ठेवणं म्हणजे काकांचं बरोबर होतं असं गाडीत कायमचं लिहून ठेवणं. मी म्हणालो, "दाबा."

सीट कशाला तरी बांधायची असते एवढा धडा मात्र मी घेतला होता. स्कूटरवर सामान बांधायची रबरी दोरी असते ना, दोन टोकांना आकडे असलेली, ती मी सीटच्या पाठीमागून फिरवून ताणून बांधली. ओढून बघितली. तोंडही समोरच ठेवलं, कारण आई म्हणायची, "लेकराने माणसांची तोंडं बघायची की गादीची पाठ?" बायकोने विचारलं, "बेल्ट नीट लावलास ना?" मी म्हणालो, "लावला." दुसरं खोटं पहिल्यापेक्षा बरंच सोपं जातं.

माजिवड्याला झालं. ठाण्यात मामेबहिणीचं डोहाळजेवण होतं. बायको पुढे, आई मागे मनूशेजारी. आईने ती दोरी बघितलेली. "छान घट्ट बांधलंयस हो," असंही म्हणाली होती. पुलाखाली एक रिक्षा डावीकडून एकदम आडवी घुसली आणि मी ब्रेक दाबला. धडक झाली नाही. रिक्षालासुद्धा लागलं नाही. रिक्षावाल्याने मागे वळून बघितलंही नाही. नुसता ब्रेक. लोक दिवसातून दहा वेळा लावतात तो.

मागे रबर ताणलं गेलं आणि सीट मनूसकट पालथी पडली. पाचही पट्टे जागच्या जागी होते. मनू त्यांत घट्ट बांधलेली, आणि बांधलेल्या मनूचं तोंड पुढच्या सीटच्या पाठीवरच्या प्लॅस्टिकवर. दोन सेकंद आवाज आला नाही. ती दोन सेकंदं मी अजून कुणाला सांगितलेली नाहीत, इथेही सांगत नाही. मग ती रडली, आणि रडण्याचा आवाज इतका गोड असतो हे मला माहीत नव्हतं.

भुवई फाटली होती. तीन टाके. डॉक्टर म्हणाले, डोळा बोटभर खाली होता. मी त्यांना सांगितलं, "ब्रेक जोरात लागला." आई देवाचं नाव घेत होती. परत गाडीत बसताना बायकोला मागे लोंबकळणारी दोरी दिसली.

"हे काय आहे?"

"दोरी."

तिने आकडे सोडवले, दोरीची नीट गुंडाळी केली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. डोंबिवली येईपर्यंत मनूला मांडीवर घेऊन मागे बसली. तेही चूक होतं, पण सांगायचं कुणी?

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. काका गॅलरीत पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. म्हणजे दोरीपर्यंत सांगितलं. गच्चीवरचं 'नाही' सोडून.

"खाली चला ना काका. एकदा बसवून द्या."

"मला वाहन नाही," ते म्हणाले. टोमणा नव्हता, माहिती होती.

"अहो, त्या नियमाचं काय घेऊन बसलात?"

"तुम्हीच लिहिलाय. चांगला लिहिलाय. त्यात पळवाट नाही."

शेवटी मी गाडी गेटबाहेर रस्त्यावर नेऊन उभी केली आणि ते गेटबाहेर आले. एप्रिलचं ऊन. भाजीवाला, इस्त्रीवाला, शाळेतून परतणाऱ्या आया, सगळे बघायला. काकांनी सीटला हातच लावला नाही. हात मागे बांधून उभे राहिले आणि मला म्हणाले, "बसवा."

ब्लेड त्यांनी माझ्या हातात दिलं. दुसरं कव्हर मी स्वतः कापलं, वाकडंतिकडं. बेल्ट ओवला. "पीळ पडलाय." काढला, परत ओवला. "चुकीच्या खाचेतून. ती मोठ्या मुलांसाठी." काढला. "गुडघा टाका. लाजता काय, पूर्ण वजन टाका." पाचव्या वेळी त्यांनी वाकून सीट हलवली, पट्टी लावली. दीड इंच. "परत." सातव्या वेळी माझा शर्ट पाठीला चिकटलेला, बोटांची सालं निघालेली, आणि भाजीवाला मला सूचना द्यायला लागलेला. आठव्या वेळी सीट हलली नाही, गाडी हलली.

"मी चौथ्यात नापास झालो होतो," काका म्हणाले. "पाचव्यात पास." आणि वर बघून विचारलं, "टाके कधी काढायचेत?"

त्या क्षणी बोलायला हवं होतं. तोंडाशी आलेलं. पण भाजीवाला होता, इस्त्रीवाला होता. मी म्हणालो, "गुरुवारी."

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांनी जागा विकली आणि शहाडला बहिणीकडे राहायला गेले. जिने झेपत नाहीत असं कारण सांगितलं. लिफ्ट आहे की, असं कुणी म्हणालं नाही. सामानाच्या टेम्पोत त्यांनी दोरखंड स्वतः ओढून बघितले, आणि ड्रायव्हरला ते परत बांधायला लावले. निरोप द्यायला मी खाली गेलो नाही. गॅलरीतून बघितलं.

तो नियम अजून नोटीस बोर्डावर आहे, काचेच्या आत, पिवळा पडलेला. रद्द करायचा ठराव मी दर सभेला मांडणार असतो. दर सभेला काहीतरी आडवं येतं. एकदा पाण्याच्या टाकीचा विषय, एकदा माझीच सर्दी.

गेल्या महिन्यात सासऱ्यांकडे गेलो होतो, तिथून काकांच्या बहिणीचं घर चालत पाच मिनिटांवर. मनू आता सहा वर्षांची. भुवईत एक पांढरी रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत. ती शाळेत सगळ्यांना सांगते की वाघाने ओरबाडलं. मी तिला घेऊन गेलो.

काका व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले. बारीक झालेले. शर्टाचा खिसा स्वच्छ होता. मी म्हणालो, "काका, आता मोठ्या मुलांची सीट घेतलीय हिला. गाडी कोपऱ्यावरच आहे. बघता का जरा?"

"नाही हो. सोडलं ते," ते म्हणाले. "रस्त्याने जातो तेव्हासुद्धा खाली बघून चालतो. गाडीत पोरं उभी असतात, खिडकीतून डोकं काढलेली असतात. बोललं की लोकांना लागतं. आता बघतच नाही."

हे ऐकून मला जे वाटलं त्याला नाव शोधत बसण्यापेक्षा मी एकदाचं बोलून टाकलं. बहीण आत चहा करत होती, मनू अंगणात मांजरामागे. ऐकणारं कुणी नव्हतं. जागा मी नेहमीच नीट निवडतो.

"काका, त्या सभेत मी खोटं बोललो. कव्हर कापायला मीच हो म्हणालो होतो. तुम्ही विचारलं होतंत. माझ्यामुळे तुम्हाला लेखी द्यावं लागलं." आवाज थरथरला माझा, खरंच थरथरला. डोळ्यांत पाणीही आलं असावं. इतकी वर्षं छातीवर घेऊन फिरलो होतो. आता ते काय म्हणतात, खांद्यावर हात ठेवतात की घरातून हाकलतात, म्हणून बघत राहिलो.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ते मला कशाला सांगताय?" काका म्हणाले. "मला माहीत आहे, मी होतो ना तिथे. गच्चीवर तेवीस माणसं होती, त्यांना सांगा. तेवढं काही तुमच्याच्याने व्हायचं नाही."